अपूर्णांक मार्गदर्शिका: दुरून लिहिणाऱ्या गटाच्या नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

१८ जून

गट: पाच जिल्ह्यांच्या डाएटमधले (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेतले) अधिव्याख्याते आणि विषय साहाय्यक मिळून ११ जण. काम: चौथी-पाचवीच्या अपूर्णांकांवर तीन दिवसांच्या प्रशिक्षणाची सुलभक (म्हणजे प्रशिक्षण चालवणाऱ्यांसाठीची) मार्गदर्शिका, रोज चार सत्रे, एकूण १२. प्रत्यक्ष बैठक एकच, तीही शेवटी. बाकी सगळे दुरून. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा उघडतात, म्हणून वर्गातले पाठ जुलैच्या दुसऱ्या आठवड्याआधी धरलेले नाहीत.

साधने ठरली. लिहायला गूगल डॉक्स, तक्त्यांना शीट्स, ठेवायला ड्राइव्ह, बोलायला झूम, निरोपाला व्हॉट्सॲप. झूमच्या मोफत खात्यावर बैठक ४० मिनिटांत संपते. ही मर्यादा मुद्दाम तशीच ठेवली. ४० मिनिटांत न सुटलेला मुद्दा दीड तास बोलूनही सुटत नाही, तो लिहूनच सोडवावा लागतो. व्हॉट्सॲपवर फाइल टाकायची नाही, फक्त लिंक. दीक्षा या सरकारी पोर्टलचे नाव निघाले, पण ते तयार साहित्य शिक्षकांपर्यंत पोचवायचे ठिकाण आहे. अकरा जणांनी मिळून खाडाखोड करायला ते नाही. तिथे शेवटी जायचे.

२० जून

आधार म्हणून घेतलेल्या जुन्या घटकसंचाच्या (प्रशिक्षण मॉड्यूलच्या) चार प्रती सापडल्या: ‘अंतिम’, ‘अंतिम_सुधारित’, ‘अंतिम_सुधारित_नवीन’ आणि नुसतेच ‘डॉक्युमेंट१’. चारही प्रतींत वेगवेगळे बदल, आणि तारखेने सर्वांत नवी दिसणारी प्रत मजकुराने सर्वांत जुनी. कारण साधे: व्हॉट्सॲपवरून उतरवली की फाइलला उतरवल्याची तारीख चिकटते, बदल केल्याची नाही. ओळीला ओळ लावून बघण्यात दोन दिवस जाणार.

यापुढे एकच मूळ प्रत. फाइलच्या नावात ‘अंतिम’ हा शब्द नाही. नाव असे: सत्र क्रमांक, विषय, बस. टप्पा संपला की डॉक्सच्या आवृत्ती इतिहासात त्या आवृत्तीला नाव द्यायचे, नवी फाइल काढायची नाही.

संपादनाचा अधिकार तिघांना, बाकी आठ जणांना टिप्पणीचा. टिप्पणीचा अधिकार असलेल्याने मजकुरात लिहिले तरी ते सूचना म्हणूनच दिसते, मूळ वाक्य जागेवर राहते. यावर थोडी नाराजी झाली (‘आम्हाला हात लावू देत नाही’). पण वरिष्ठाने दुरुस्त केलेले वाक्य कनिष्ठ परत फिरवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. सूचना रंगीत अक्षरांत समोर राहिली तर निदान प्रश्न तरी विचारता येतो.

२४ जून

जुना घटकसंच युनिकोडमध्ये (सगळीकडे सारख्याच वाचल्या जाणाऱ्या अक्षरसंकेतात) नाही. ६२ पाने, टाइपरायटरच्या कळफलकावर टाइप केलेली. फॉन्ट बदलला की मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची रांग. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढला तेव्हा बहुतेक मजकूर नीट आला, पण मुखपृष्ठावरचाच शब्द असा आला: ‘मार्गदशर्िका’.

असे का होते ते नोंदवून ठेवणे बरे, कारण तपासणी त्यावरूनच ठरते. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे डोळ्यांना दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ‘र्शि’ लिहिताना आधी पहिली वेलांटी, मग श, मग रफार. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा: र्, श, मग वेलांटी. परिवर्तकाला रफार मागे आणि वेलांटी पुढे न्यावी लागते. दोन्ही एकाच अक्षरावर आले की त्याची गफलत होते. म्हणून सगळी ६२ पाने अक्षरन् अक्षर वाचण्याऐवजी आधी तीन गोष्टी शोधायच्या: रफार आणि वेलांटी एकत्र असलेले शब्द (वार्षिक, आर्थिक, दर्शविणे), ‘ऱ्या’ असलेले शब्द (दुसऱ्या, पुऱ्या) आणि तुटक रेषांचे रिकामे वर्तुळ. दोघांनी एका दुपारी काम संपवले.

पीडीएफमधून मजकूर उचलून चिकटवायचा नाही. पीडीएफ नीट दिसते, पण आतला क्रम बहुधा मोडलेला असतो आणि जोडाक्षरे गळतात. मूळ वर्ड फाइल मिळत नसेल तर सरळ नव्याने टाइप करावे.

२७ जून

शब्दसूचीत ‘ॲक्टिव्हिटी’ शोधून तिथे ‘कृती’ घालायचे होते. शोधात काही जागा सापडल्या, काही डोळ्यांसमोर असून सापडेनात. निदान: कुणाच्या कळफलकावर ‘ॲ’ हे एकसंध अक्षर येते, कुणी ‘अ’ लिहून त्यावर चंद्र देतो. पडद्यावर दोन्ही सारखी, संगणकाच्या लेखी वेगळी. दोन्ही रूपांनी शोधून बदल केला. सर्वांनी इनस्क्रिप्ट किंवा जीबोर्ड या कळफलकांपैकी एक वापरावा, तिसरा नको. फॉन्ट असा हवा की ल आणि श मराठी वळणाचे मिळतील. मंगलमध्ये ते हिंदी वळणाचे येतात, आणि चौथीच्या शिक्षकाच्या हातात तो श द्यायला नको.

२ जुलै

शाळांच्या माहितीच्या तक्त्यात पटाची बेरीज शून्य आली. आकडे देवनागरीत टाइप केलेले. शीट त्यांना संख्या धरत नाही, अक्षरे धरते, आणि अक्षरांची बेरीज होत नाही. त्याहून वाईट म्हणजे काही ओळी इंग्रजी आकड्यांत होत्या, त्यामुळे दुसऱ्या रकान्यात शून्य न येता चुकीची पण खरी वाटणारी बेरीज आली. ती कुणाच्या नजरेत भरली नव्हती.

नियम: तक्त्यात आकडे इंग्रजी, मार्गदर्शिकेत देवनागरी. सत्र, जिल्हा, इयत्ता हे रकाने टाइप करायचेच नाहीत, यादीतून निवडायचे.

७ जुलै

जोराचा पाऊस, कोकणातल्या दोघांकडे दीड दिवस नेटवर्क नाही. दोघांनीही सत्र ३ ऑफलाइन उघडून त्याच कृतीत बदल केले. नेटवर्क आल्यावर दोघांचा मजकूर एकात एक मिसळला. एका वाक्याची सुरुवात एकाची, शेवट दुसऱ्याचा. आवृत्ती इतिहासातून आदल्या दिवशीची प्रत काढली आणि बदल हाताने घातले.

आतापर्यंत १२ सत्रे एकाच लांबलचक डॉकमध्ये होती. ती १२ फाइलींत फोडली. प्रत्येक सत्राचा एक जबाबदार लेखक, आणि ऑफलाइन लिहायची मुभा फक्त त्याला. इतरांनी नेटवर्क नसताना सुचलेले आपल्या फोनमध्ये लिहून ठेवावे आणि नंतर सूचना म्हणून घालावे. फोनवर डॉक्सच्या ॲपमध्ये त्या फाइलपुरते ‘ऑफलाइन उपलब्ध’ आधीच चालू करून ठेवावे लागते. नेटवर्क गेल्यावर ते करता येत नाही. फोडल्याचा आणखी एक फायदा: लहान फाइल साध्या फोनवरही पटकन उघडते.

११ जुलै

बैठक रद्द. तिघांनाच जोडता आले. त्याऐवजी साधा कॉन्फरन्स कॉल लावला, पाच जणांत काम झाले. डेटा नसला तरी आवाज जातो, हे विसरायला होते.

१६ जुलै

पहिला पाठ चित्रित झाला. पद्धत जपानी शाळांतल्या ‘जुग्यो केंक्यू’ची: पाठ गटाने मिळून आखायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी पाहायचा, मग पाठ सुधारायचा. तिथे निरीक्षक वर्गात भिंतीला टेकून उभे असतात. इथे निरीक्षक चार जिल्ह्यांत, म्हणून चित्रीकरण.

३५ मिनिटांची तासिका फोनवर १०८०पीमध्ये घेतली, फाइल साडेचार जीबीच्या जवळ. ड्राइव्हच्या मोफत खात्यात १५ जीबी, त्यातच ईमेल आणि फोटो. असे तीन पाठ चढवले की खाते भरले. शिवाय तालुक्याच्या ठिकाणाहून साडेचार जीबी चढवायचे म्हणजे रात्रभर फोन उशाला.

हँडब्रेक या चित्रफीत लहान करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरने ती ७२०पीमध्ये दाबली, साधारण दीड एमबीपीएस. ४२० एमबी झाली. फळा वाचता येतो, मुलांच्या वहीतले मात्र वाचता येत नाही. मग अख्खा पाठ पाठवायची गरजच काय, असा प्रश्न आला आणि मांडणी बदलली:

अख्ख्या तासिकेचा फक्त आवाज, मोनो, ६४ केबीपीएस: सुमारे १७ एमबी. गटकार्याचे सहा ते आठ मिनिटांचे दोन तुकडे, ७२०पी. फळ्याचे दर दहा मिनिटांनी एक छायाचित्र. वह्यांची छायाचित्रे पाठानंतर, खिडकीपाशी धरून. सगळे मिळून २०० एमबीच्या आसपास बसते आणि निरीक्षणाला पूर्ण चित्रफितीपेक्षा जास्त उपयोगी पडते, कारण नुसता आवाज ऐकताना लक्ष मुलांच्या बोलण्याकडे राहते.

आवाजासाठी शिक्षकाच्या खिशात दुसरा फोन, कॉलरला तारेचा माइक. गटातल्या मुलांसाठी तिसरा फोन बाकावर, खाली रुमाल घालून. रुमाल नसला तर बाकाचा प्रत्येक ठोका कानात बसतो. सुरुवातीला एक मोठी टाळी, म्हणजे नंतर तिन्ही आवाज जुळवता येतात. पत्र्याच्या छपराखाली पाऊस असेल तर चित्रीकरण पुढे ढकलावे. तो आवाज कुठल्याच ॲपने पूर्ण निघत नाही.

कॅमेरा वर्गाच्या मागे, मुलांचे चेहरे शक्यतो नकोत. पालकांची लेखी संमती शाळेच्या फाइलला. २०२३च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी पालकांची संमती धरलेली आहे. फोल्डरचा अधिकार नावानिशी ११ जणांना. ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय बंद.

२२ जुलै

निरीक्षण तक्त्याचे तीन रकाने: वेळ (मिनिट:सेकंद), काय दिसले किंवा ऐकू आले, आपल्याला काय वाटले. सर्वांचा दुसरा रकाना भरून होईपर्यंत तिसऱ्याला हात लावायचा नाही. हा नियम कशासाठी, ते आजच्या एका ओळीवरून कळले.

०७:४० ला शिक्षकाने फळ्यावरच्या १/४ आणि १/५ कडे बोट दाखवले. एका मुलाने १/५ म्हटले. चार निरीक्षकांच्या नोंदी: ‘छेद मोठा म्हणजे अपूर्णांक मोठा ही गैरसमजूत’, ‘संकल्पना कच्ची’, ‘तुलना जमत नाही’ आणि ‘मुलगा म्हणाला, पाच तुकडे होतात ना’. पहिल्या तिन्ही नोंदी तिसऱ्या रकान्यातल्या, बसल्या दुसऱ्यात. चौथीतच मुलाचे बोलणे आहे.

बाकावरच्या फोनचा आवाज पुन्हा ऐकला. शिक्षकाचा प्रश्न होता, ‘यातला जास्त कोणता?’ मराठीत ‘जास्त’ हे मोजायचे आहे, ‘मोठा’ हे आकाराचे. मुलाने तुकडे मोजले आणि पाच जास्त असे सांगितले. विचारले त्याचे उत्तर बरोबरच दिले. त्याच मुलाने नंतर, ११:१५ ला, कागदी पट्टीची घडी हातात धरून ‘हा बारका’ म्हणत १/५ दाखवला आहे.

गैरसमजूत नसतेच असे नाही, पुढच्या पाठात ती खरोखर दिसेलही. पण या ओळीत प्रश्न चुकला होता. सत्र ४ मधले सगळे प्रश्न तपासले: १४ पैकी ९ ठिकाणी ‘जास्त’ किंवा ‘कमी’. ते असे बदलले: आधी ‘किती तुकडे?’, मग ‘त्यातला एक तुकडा केवढा?’, आणि तुलनेला ‘मोठा कोणता?’ किती आणि केवढा ही जोडी मराठीत आयती आहे आणि आपण ती वापरत नव्हतो. सुलभकासाठी समासात टीप घातली.

एकच चित्रफीत पाहून जमलेले मत झूमवर पाच मिनिटांत एक झाले असते, ‘संकल्पना कच्ची’ या शब्दांत. तक्ता वेगवेगळा भरला म्हणून चौथी नोंद टिकली.

३० जुलै

सातपुड्यातल्या शाळांत मुले घरी पावरी बोलतात. अर्धा, पाव, तुकडा, वाटणी यांना घरचे शब्द हवे होते. लिहून मागवले तर तीन शिक्षकांनी एकच शब्द देवनागरीत तीन प्रकारे लिहिला. मग आवाज मागवला: व्हॉट्सॲपवर प्रत्येकी ४० सेकंद, शब्द दोनदा आणि मग वाक्यात. लेखन ठरवायचे काम तिथल्या शिक्षकांकडेच दिले. व्हॉइस नोट चॅटमध्ये वाहून जाते, म्हणून त्याच दिवशी उतरवून फोल्डरमध्ये, शब्दाच्या नावाने.

६ ऑगस्ट

टिप्पण्यांचा घोळ. ‘सममूल्य अपूर्णांक’ हा शब्द पहिल्या दिवशी आणायचा की पट्ट्या घडी घालून झाल्यावर, यावर सत्र ५ मध्ये १७ टिप्पण्यांची चर्चा होती. कुणीतरी ‘निराकरण झाले’ दाबले आणि ती समासातून गेली. टिप्पणी इतिहासात सापडते, पण तिथे मुद्दाम कुणी जात नाही. आठवड्याने तोच वाद नव्याने सुरू.

वेगळी निर्णय नोंद काढली. एक शीट, चार रकाने: तारीख, प्रश्न, काय ठरले, का. ‘का’ एका ओळीत. निर्णय तिथे चढल्याशिवाय टिप्पणी मिटवायची नाही. सममूल्यबद्दल ठरले ते असे: शब्द दुसऱ्या दिवशी, कारण पहिल्या दिवशी १/२ आणि २/४ च्या घड्या एकमेकींवर ठेवून ‘सारखेच आहे की’ हे शिक्षकांच्या तोंडून आले पाहिजे.

१९ ऑगस्ट

बोलून टाइप करणे दोघांनी सुरू केले. वेग चांगला, पण विरामचिन्हे येत नाहीत आणि आकडे इंग्रजी येतात. कृतीच्या पायऱ्यांना चालते, सूचनांना नाही.

गणपतीत (२७ ऑगस्टपासून) काम बंद, ५ सप्टेंबरनंतर सुरू. आधीच लिहून ठेवलेले बरे.

९ सप्टेंबर

पट्ट्यांची छपाई. कृतीसाठी पट्टी २४ सेंटिमीटर लांब, ३ रुंद. २४ घेतले कारण त्याचे २, ३, ४, ६, ८, १२ असे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये येतात. ए४ कागदाच्या लांबीवर समास सोडून सहा पट्ट्या बसतात. ३० मुलांच्या वर्गाला प्रत्येकी चार, म्हणजे १२० पट्ट्या, २० कागद.

पाच जिल्ह्यांत पीडीएफ छापून पट्टी मोजायला सांगितली. तीन ठिकाणी २४.०. एका ठिकाणी २३.३, एका ठिकाणी २२.४. घडी घालण्याच्या कृतीत बिघडत नाही. पण सत्र ६ मध्ये मुले पट्टीचा १/३ मोजपट्टीने मोजतात आणि ८ यायला हवेत, २२.४ च्या पट्टीवर साडेसातला जरा कमी येतात. मग शिक्षक म्हणतो, मुलांनी नीट मोजले नाही.

२३.३ चे कारण छपाईच्या चौकटीतले ‘पानात बसवा’. तिथे ‘मूळ आकार’ किंवा १०० टक्के निवडायचे. २२.४ ला वेळ लागला. ट्रेमध्ये कागद ए४, पण प्रिंटरच्या सेटिंगमध्ये लेटर (अमेरिकी कागदाचा आकार). लेटर ए४पेक्षा बुटका, म्हणून पान आखूड करून छापले. सेटिंग बदलून पुन्हा छापायचे आहे.

प्रत्येक पट्टीच्या पानावर खाली १० सेंटिमीटरची रेघ घातली, शेजारी एक ओळ: ‘ही रेघ मोजा. १० भरत नसेल तर हे पान वापरू नका.’ दुरून मोजपट्टी धरता येत नाही, ती कागदावरच पाठवावी लागते.

१७ सप्टेंबर

१२ सत्रे एका फाइलीत आणली. ज्यांनी शीर्षके शैलीतून दिली नव्हती, नुसती ठळक केली होती, ती अनुक्रमणिकेत आली नाहीत. चार सत्रे हाताने दुरुस्त. हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते.

६ ऑक्टोबर

गटातल्या एकाची बदली. सात फाइली त्यांच्या वैयक्तिक खात्यात. फोल्डरची मालकी दुसऱ्याला दिली तरी आतल्या फाइलींची जात नाही. प्रत्येक फाइल निवडून द्यावी लागते. समोरच्याने स्वीकारेपर्यंत ती जुन्याच खात्यावर राहते. सातपैकी पाच स्वीकारल्या, दोन ईमेलमध्ये पडून होत्या. फोन करून स्वीकारून घेतल्या. वैयक्तिक खाते दोन वर्षे वापरले नाही तर गूगल ते काढून टाकू शकते, तेव्हा प्रकल्प संपल्यावरही मालकी चालू खात्यावर हवी. सगळ्याची एक प्रत पेनड्राइव्हवर, डॉक्स आणि पीडीएफ दोन्ही रूपांत.

९ ऑक्टोबर

प्रत्यक्ष बैठक, एक दिवस. बोलायला फार उरले नव्हते. निर्णय नोंदीतले तीनच प्रश्न उघडे होते. दुपारी पाचही जिल्ह्यांतून छापून आणलेली पाने टेबलावर मांडली आणि एकाच मोजपट्टीने मोजली. चार पट्ट्या २४.०, पाचवी २३.९. पाचव्या पानावरची रेघ १०च भरली. पट्टी कापताना कात्री आत गेली होती.